प्रावरण वितळलेलं नाही: पृथ्वीच्या थरांविषयीच्या काही प्रश्नांची उत्तरं

प्रश्न थोडक्यात असे आहेत. एका पुस्तकात पृथ्वीचे तीन थर दिलेत, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात, खरे किती? प्रावरण (भूकवचाखालचा, गाभ्यापर्यंतचा जाड थर) म्हणजे तप्त शिलारसाचा समुद्र असं एका परिच्छेदात लिहिलंय, आणि भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत पण प्रावरणातून जातात असं त्याच पानावर खाली. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात? गाभ्याचा सगळ्यात आतला, सगळ्यात तप्त भागच घन का? केंद्रात गुरुत्वाकर्षण शून्य, तर मग दाब तिथेच सर्वाधिक कसा? आणि बारा किलोमीटरच्या खाली कुणी गेलेलंच नाही, तर हे सगळं सांगतंय कोण?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर उभी आहेत.

रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं विवर १२,२६२ मीटरपर्यंत गेलं, १९८९ मध्ये. तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास भरलं आणि पुढे जाणं अशक्य झालं. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी आहे. म्हणजे आपण पाव टक्काही खाली गेलेलो नाही. ज्वालामुखी अधूनमधून खालचे दगड वर आणून देतात. बेसाल्टमध्ये अडकलेला, हिरव्या ऑलिव्हिनच्या दाण्यांनी भरलेला पेरिडोटाइटचा तुकडा हातात घेतला की प्रावरणाचा वरचा भाग कशाचा बनलाय ते कळतं. पण हे नमुनेही बहुतेक वरच्या दोनेकशे किलोमीटरांतले. त्याखालचं सगळं ज्ञान मोजमापातून आलेलं आहे.

पहिलं मोजमाप वजनाचं. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेपाचपट असल्याचं दाखवलं. आजचा आकडा ५.५१ आहे. पायाखालचे दगड मात्र २.७ ते ३ च्या दरम्यान. म्हणजे आत कुठेतरी बरंच जड द्रव्य असलंच पाहिजे. ते केंद्राकडे गोळा झालंय की सगळीकडे पसरलंय, हे पृथ्वीच्या फिरण्यावरून ठरतं. एकसंध गोळ्याचं जडत्वाचं आघूर्ण (फिरणं बदलायला होणारा विरोध) हे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या ०.४ पट असतं. पृथ्वीचं आघूर्ण तिच्या अक्षाच्या संथ परांचनावरून (भोवऱ्यासारखं डोलत फिरण्यावरून) आणि उपग्रहांच्या कक्षांवरून काढता येतं, आणि ते ०.३३ पट निघतं. जड माल मध्यभागी आहे. एवढं कळायला भूकंपाची गरजही पडली नाही.

सीमा नेमक्या कुठे आहेत हे मात्र भूकंपलहरींनीच सांगितलं. दोन लहरी लक्षात ठेवा. पी लहरीत द्रव्य पुढेमागे दाबलं आणि सैल होतं. एस लहरीत ते आडवं हलतं. पी कुठूनही जाते: दगड, पाणी, हवा. एस लहरीला मात्र असं द्रव्य लागतं जे आकार बदलायला विरोध करतं. द्रवाला स्वतःचा आकारच नसतो, म्हणून एस त्यात शिरत नाही.

इथे एक चूक दुरुस्त करतो, कारण ती शिकवण्यांच्या नोट्सपासून चांगल्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे आहे: 'घनता वाढते म्हणून लहरींचा वेग वाढतो.' सूत्र बरोबर उलटं आहे. वेगाचा वर्ग म्हणजे द्रव्याचा ताठपणा भागिले घनता. घनता छेदात आहे. खोल जाताना वेग वाढतो तो दाबामुळे ताठपणा घनतेपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो म्हणून. पुरावा हवा असेल तर प्रावरण आणि गाभ्याच्या सीमेवरचे आकडे बघा. घनता ५.६ वरून एकदम ९.९ होते, आणि पी लहरीचा वेग सेकंदाला १३.७ किमीवरून ८.१ किमीवर कोसळतो. वरचं वाक्य खरं असतं तर तिथे वेग वाढायला हवा होता.

आता एक नोंद जवळून पाहू. भूकंपमापन केंद्रापासून ६० अंशांवर, म्हणजे पृष्ठभागावरून मोजलं तर सुमारे ६,७०० किमीवर, एक मोठा भूकंप झालाय. साधारण १० मिनिटांनी उभ्या घटकावर, म्हणजे जमिनीची वरखाली हालचाल टिपणाऱ्या रेघेवर, पी चा ठसठशीत ठोका दिसतो. मग बराच वेळ रेघ थरथरत राहते, आणि १८ मिनिटं उलटल्यावर आडव्या घटकांवर एस उमटते, मोठी आणि संथ. त्यानंतर पृष्ठलहरींची लांबच लांब माळ. आता तोच भूकंप १२० अंशांवरच्या केंद्रावर पाहा. तिथे थेट प्रावरणातून येणारी पी नाही. तिच्या जागी सुमारे १९ मिनिटांनी एक क्षीण लहर येते, जी गाभ्याच्या मधोमध जाऊन आलेली असते, आणि मिनिटभराने वाटेत पृष्ठभागावर एकदा आदळून परतलेली पी. थेट एस तर गायबच. ही गैरहजेरीच आपल्याला सर्वात जास्त शिकवून गेली.

रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाच्या दूरदूरच्या नोंदींत त्यांनी पी, एस आणि पृष्ठलहरी वेगवेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये, लांबच्या केंद्रांवर लहरींना होणारा उशीर पाहून, आत वेगळ्या द्रव्याचा गाभा असल्याचं त्यांनी मांडलं. त्यानंतर १९०९ मध्ये झाग्रेबजवळ कुपा नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला आणि आंद्रिया मोहोरोविचिच यांना जवळच्या केंद्रांच्या नोंदींत दोन-दोन पी लहरी दिसल्या. एक भूकवचातून सरळ आलेली, दुसरी खाली जाऊन वेगवान थरातून पळत आलेली. जवळच्या केंद्रावर सरळ वाटेची लहर आधी पोचते. पण अंतर वाढलं की लांबची वाट घेतलेली तिला मागे टाकते. भूकवच ३५ किमी जाड असेल तर ही अदलाबदल साधारण २०० किमीवर होते. कोणत्या अंतरावर होते हे कळलं की शाळेतल्या गणिताने जाडी काढता येते. तीच मोहो सीमा. महासागरांखाली भूकवच जेमतेम ७ किमी जाड, खंडांखाली ३५ ते ४०, आणि तिबेटखाली ७० च्या घरात.

बेनो गुटेनबर्ग यांनी १९१३ च्या सुमारास गाभ्याची खोली २,९०० किमी काढली. आजचा आकडा २,८९१ आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदी नोंदींवरून, तेही हाताने आकडेमोड करून! गाभा द्रव आहे हे १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी पटवून दिलं. आणि इंगे लेहमान यांनी १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी चाळताना, जिथे पी लहर यायलाच नको अशा छायाक्षेत्रात ती आलेली पाहिली. द्रव गाभ्याच्या आत आणखी एखाद्या गोळ्यावर आदळून ती वळली असेल तरच हे जमतं. १९३६ चा त्यांचा तो शोधनिबंध. त्यानंतर त्या १९९३ पर्यंत, वयाच्या १०४ व्या वर्षापर्यंत जगल्या. अंतर्गाभा घन आहे याचा भक्कम पुरावा मात्र १९७१ मध्ये आला. १९६० च्या चिलीच्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपाने अख्खी पृथ्वी घंटानादासारखी स्पंदत राहिली होती, आणि त्यातल्या सर्वात संथ स्पंदनाला ५४ मिनिटं लागत होती. अशा मोठ्या भूकंपांनंतरच्या स्पंदनांचे आवर्तकाळ जुळवायचे तर आतला गोळा घनच धरावा लागतो.

आता थर किती. गोंधळ होतो तो दोन वेगळ्या याद्या एकत्र केल्यामुळे.

पहिली यादी थर कशाचे आहेत याची: भूकवच, प्रावरण, गाभा. तीन. भूकवच सिलिकेटांचं, खंडांखाली ग्रॅनाइटच्या वळणाचं आणि महासागरांखाली बेसाल्टचं. प्रावरणही सिलिकेटांचंच, पण मॅग्नेशियम जास्त असलेल्या. गाभा लोहाचा, सोबत थोडं निकेल. आकारमानात पाहिलं तर प्रावरण एकटंच ८४ टक्के. भूकवच एक टक्का. गाभ्याचं आकारमान १५-१६ टक्के, पण वजन पृथ्वीच्या जवळपास एक तृतीयांश.

दुसरी यादी थर कसे वागतात याची. वरचं कडक, तुटणारं शिलावरण, त्याखालचं मऊ दुर्बलावरण, मग पुन्हा जास्त घट्ट होत जाणारं खालचं प्रावरण, द्रव बाह्य गाभा, घन अंतर्गाभा. पाच. आणि वरच्या व खालच्या प्रावरणामधला संक्रमण-पट्टा आणि प्रावरणाच्या अगदी तळाचा पट्टा दोन्ही मोजले की सात.

शिलावरण म्हणजे भूकवच नव्हे, एवढं पक्कं करा. शिलावरणात अख्खं भूकवच येतं आणि त्याला खालून चिकटलेला, थंड झालेला प्रावरणाचा वरचा पापुद्राही येतो. भूपट्ट सरकतात ते या जोडीचे. मोहो सीमा भूपट्टाच्या पोटातून जाते आणि तिथे काहीही घसरत नाही. 'भूकवच प्रावरणावर तरंगतं आणि सरकतं' हे वाक्य म्हणूनच चुकीच्या जागी रेघ मारतं.

प्रावरण वितळलेलं आहे ही समजूत कुठून येते, हेही मला ठाऊक आहे. भूपृष्ठाजवळ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं. हाच दर खाली ताणला तर १०० किमीवर तीन हजार अंशांच्या घरात जातो आणि सगळंच वितळायला हवं. पण हा दर फक्त शिलावरणापुरता खरा आहे, कारण तिथे उष्णता नुसत्या वहनाने बाहेर पडते. त्याखाली द्रव्य स्वतःच संथपणे वरखाली होऊन उष्णता वाहून नेतं, आणि तापमान किलोमीटरला अर्ध्या अंशानेही वाढत नाही. दुसरीकडे दाबामुळे वितळणबिंदू चढत जातो. भूपृष्ठाच्या दाबाला पेरिडोटाइट साधारण ११०० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. १०० किमी खोलीच्या दाबाला त्यासाठी १४०० च्या वर जावं लागतं. प्रावरण त्या रेषेच्या जवळ असतं, पण बहुतांशी खालीच राहतं.

मग लाव्हा येतो कुठून? दोन मुख्य वाटा. मध्य-सागरी पर्वतरांगांखाली तप्त दगड वर चढतो, त्याच्यावरचा दाब उतरतो, वितळणबिंदू त्याच्या तापमानाच्या खाली येतो, आणि दगडाचा काही भाग वितळतो. कुणी त्याला तापवलेलं नसतं. दुसरी वाट खाली बुडणाऱ्या भूपट्टांची: त्यातलं पाणी वरच्या प्रावरणात शिरतं आणि पाण्याने दगडाचा वितळणबिंदू खाली येतो. ज्वालामुखीखाली कुठलाही जागतिक शिलारस-समुद्र नाही. ठिकठिकाणी, तेवढ्यापुरतं वितळणं आहे.

आता खरी गोम. प्रावरण घन आहे आणि तरी वाहतं. या दोन विधानांत विरोध वाटतो, कारण घन आणि द्रव हे द्रव्याचे कायमचे गुण आहेत असं आपण धरून चालतो. त्यात काळही मोजावा लागतो. हिमनदीचा बर्फ घणाने फोडा, त्याचे तुकडे उडतील. तीच हिमनदी वर्षभरात दरीतून खाली सरकलेली असते. प्रावरणासाठी हा हिशेब आकड्यांत करता येतो आणि तो मी विद्यार्थ्यांना करायलाच लावतो. प्रावरणाची श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, सुमारे १० चा २१ वा घात पास्कल-सेकंद आहे, पाण्याच्या १ वर २४ शून्यं इतकी पट. आकार बदलायला त्याचा विरोध वरच्या भागात साधारण ७० गिगापास्कल, म्हणजे ७ गुणिले १० चा १० वा घात पास्कल. पहिल्याला दुसऱ्याने भागा. १४ अब्ज सेकंद येतात, म्हणजे साडेचारशे वर्षं. यापेक्षा फार कमी वेळ टिकणाऱ्या ताणाला प्रावरण घन पदार्थासारखं उत्तर देतं, फार जास्त टिकणाऱ्या ताणाला द्रवासारखं. एस लहरीचं एक कंपन काही सेकंदांचं, म्हणून तिला ते पक्कं घन लागतं. हिमयुगातल्या बर्फाचा भार हजारो वर्षांचा, म्हणून त्याखाली ते दबून बाजूला वाहिलं. तो बर्फ वितळून दहा हजार वर्षं होत आली, तरी स्वीडन आणि फिनलंडमधल्या बॉथनियाच्या आखाताभोवतीची जमीन अजून वर्षाला जवळपास एक सेंटीमीटर वर येते आहे. श्यानतेचा वर दिलेला आकडा मुळात अशा उचलल्या जाणाऱ्या किनाऱ्यांवरूनच १९३० च्या दशकात काढला गेला.

प्रावरणाच्या आत ४१० आणि ६६० किमीवर ज्या सीमा आहेत, तिथे द्रव्य बदलत नाही, त्याची रचना बदलते. ऑलिव्हिन हे खनिज खाली नेत गेलं की ४१० किमीच्या दाबाला त्याचे अणू जास्त दाटीने बसतात आणि वॅड्सलेआइट बनतं, मग ५२० च्या आसपास रिंगवुडाइट, आणि ६६० ला ते फुटून ब्रिजमनाइट आणि एक मॅग्नेशियम-लोह ऑक्साइड होतं. ब्रिजमनाइट हे पृथ्वीवरचं सर्वात मुबलक खनिज, तरी त्याला हे अधिकृत नाव मिळालं २०१४ मध्ये, कारण नियमाप्रमाणे आधी नैसर्गिक नमुना सापडावा लागतो आणि तो शेवटी एका उल्केत मिळाला. त्याच वर्षी ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइटचा कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्यात वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास पाणी होतं. पाणी म्हणजे थेंब नव्हे हं. स्फटिकाच्या जाळीत बांधलेला हायड्रोजन. 'प्रावरणात महासागर सापडला' हे मथळे त्यातूनच आले.

या सीमा तापमानाप्रमाणे वरखाली होतात हे फार उपयोगाचं आहे. थंड भूपट्ट खाली बुडतो तिथे ४१० ची सीमा थोडी वर येते आणि ६६० ची खाली जाते. तप्त द्रव्य वर येतं तिथे बहुधा उलटं. त्यामुळे सीमांची खोली हा खोलवरचा तापमापक होतो.

प्रावरणाच्या तळाशी शेवटचे दोनेकशे किलोमीटर हा एक वेगळाच मुलूख आहे. तिथे तापमान थोड्याच अंतरात हजार अंशांहून जास्त चढतं, आणि आफ्रिका व प्रशांत महासागराखाली एस लहरींना संथ करणारे दोन खंडांएवढे ढिगारे बसलेत. त्याखालची सीमा आपल्या पायाखालच्या सीमेपेक्षाही तीव्र आहे: दगड आणि हवा यांच्या घनतेत जेवढा फरक, त्याहून मोठा फरक प्रावरण आणि गाभा यांच्यात आहे.

बाह्य गाभा मात्र खरोखर द्रव आहे, आणि द्रव म्हणजे पातळ. त्याची घनता त्या दाबाखालच्या शुद्ध लोहापेक्षा काही टक्क्यांनी कमी भरते, म्हणून गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन यांसारखं काहीतरी हलकं त्यात मिसळलेलं असणार. फ्रान्सिस बर्च यांनी हे १९५२ मध्येच दाखवलं होतं. या वाहत्या धातूतून पृथ्वीचं चुंबकक्षेत्र निर्माण होतं.

अंतर्गाभा घन का, तर तिथे तापमान कमी आहे म्हणून नव्हे. खाली जाताना तापमान वाढतं, पण दाबामुळे लोहाचा वितळणबिंदू त्याहून चढ्या दराने वाढतो. ५,१५० किमी खोलीवर, ३३० गिगापास्कल दाबाला, या दोन रेषा एकमेकींना छेदतात. तिथे तापमान पाच ते सहा हजार अंशांच्या दरम्यान आहे. त्याच्या वर लोह द्रव, खाली घन. म्हणूनच गाभा तळापासून वर गोठत येतो, पाण्याच्या तळ्यासारखा वरून खाली नाही. तो वर्षाला मिलिमीटरभर वाढतो असा अंदाज आहे. गोठताना हलकी मूलद्रव्यं बाहेर टाकली जातात, ती वर चढतात, आणि त्यानेच बाह्य गाभा ढवळला जातो.

राहिला केंद्रातला दाब. गुरुत्वाकर्षण खाली जाताना सरळ कमी होत जातं असं पुस्तकात असतं, ते एकसंध गोळ्याचं गणित. खऱ्या पृथ्वीत जड गाभा खाली असल्यामुळे ते प्रावरणभर जवळपास तेवढंच, सेकंदवर्गाला १० मीटरच्या आसपास राहतं, गाभ्याच्या सीमेवर १०.७ पर्यंत चढतं आणि त्यानंतरच उतरायला लागून केंद्रात शून्य होतं. दाब हा त्या ठिकाणच्या गुरुत्वावर ठरत नाही. वरच्या सगळ्या थरांच्या वजनाची ती बेरीज आहे. प्रत्येक थर जिथे आहे तिथे त्याला वजन आहे, आणि ते सगळं केंद्रावर येतं. केंद्राजवळ बेरजेत पडणारी भर शून्याकडे जाते, बेरीज मात्र कमी होत नाही. ती ३६४ गिगापास्कलवर जाऊन थांबते, हवेच्या दाबाच्या छत्तीस लाख पट.